बापाची बोंब

रॉक गाणं मला कुणी शिकवू नये. माझी नात मोबाईल घेऊन बसते, कानात ती पांढरी बोंडं घालते, त्यातलं एक माझ्या कानात खुपसते आणि म्हणते, "आजोबा, हे रॉक आहे, तुम्हाला नाही कळायचं." तिला मी सांगतो, बाय, तुझा बाप जन्मायच्या आधी सातपाटीच्या किनाऱ्यावर मी हे ऐकलंय, आणि तेही असल्या बोंडातून नाही, पत्र्याच्या भोंग्यातून. शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही. इंग्रजी तेव्हा येत नव्हतं, आताही येत नाही. त्यानं माझं काही अडलं नाही. आमच्या भोंगेमामानं ती गाणी आम्हाला इंग्रजीतून दिलीच नव्हती.

भोंगेमामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता. हळद असो, सत्यनारायण असो, निवडणूक असो, सातपाटीत भोंगा लागायचा तो त्याचा. गाणी वाजवायची एक चावीची मशीन, एक ट्रकची बॅटरी आणि दोन पत्र्याचे भोंगे, हा त्याचा संसार. बॅटरी चार्ज करायला तो पालघरला न्यायचा आणि यष्टीत शेजारच्या सीटवर बसवायचा. कंडक्टर म्हणायचा, "मामा, ती खाली ठेवा, माणसांना जागा द्या." मामा म्हणायचा, "माणसासारखी वागते म्हणून माणसाच्या जागी बसलीय. तू बी तसा वाग, तुला बी बसवीन."

लोक माइकात हॅलो हॅलो करतात. हा खोकायचा. सकाळी सकाळी गावभर त्याचा खोकला घुमला की बायका म्हणायच्या, आज कुणाकडं तरी हळद हाय.

आणि कोळ्यांच्या गावात जन्मून हा माणूस आयुष्यात कधी होडीत चढला नव्हता. लाटेकडे जास्त वेळ बघितलं तरी त्याला मळमळायचं. पोरं चिडवायची. तो म्हणायचा, "दर्या मला दिसतो, दर्याला मी दिसतो. ओळख हाय. घरात कशाला शिरू?"

त्या वर्षांत तारापूरला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता. मी आणि माझा दोस्त भिकू तिथे खलाशी म्हणून लागलो. होडीवरचे नाही; जड लोखंड दोरखंडांनी आणि कप्प्यांनी वर चढवतात, त्या गड्यांनाही खलाशीच म्हणतात. बोईसरला खोली घेतली, चार मुलखांतल्या लोकांबरोबर राहून हिंदी बोलायला शिकलो. कामावर गोरे साहेब होते. डिसेंबरात त्यांचा सण आला आणि नेमकी त्यांची गाणी वाजवायची मशीन जळाली. साहेबाचा ड्रायव्हर तोंड पाडून आमच्याकडे आला. मी छाती ठोकून सांगितलं, "हमारा मामा है. उसका भोंगा ऐसा है कि साब का मुलुक तक सुनाई देगा."

मामा ट्रकमधून आला, बॅटरी मांडीवर घेऊन. साहेबांनी गाण्यांची पेटी पुढे केली. मामाची मशीन होती जुन्या जलद फिरणाऱ्या रेकॉर्डांची, आणि या रेकॉर्ड होत्या हळू फिरायच्या. पहिलंच गाणं असं पळालं, जसा तापल्या वाळूवरचा खेकडा. साहेब आणि मडमा पोट धरून हसायला लागले. मामा हसला नाही, घाबरला नाही. त्यानं उजवा अंगठा फिरत्या ताटाच्या कडेला टेकवला, दाबला, थोडा सोडला, परत दाबला, आणि गाणं चालीवर आलं. हसणारे नाचायला लागले.

त्या दिवसापासून ती गाणी मामाच्या अंगठ्यावर चालली. अंगठा खुशीत असला की गाणं उड्या मारायचं. मामाला सर्दी झाली की गाणंही जडावायचं. एकाच गाण्यात गाणारा कधी पोरगा वाटायचा, कधी म्हातारा. आम्हाला तेच खरं वाटायचं. नातीच्या मोबाईलवरचं गाणं रोज सारखंच वाजतं. त्यात काय मजा?

मजुरी म्हणून मामानं पैसे घेतले नाहीत, रेकॉर्ड मागितल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघायचा आणि सगळ्यात घासलेल्या बाजूला काढायचा. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, नया लो ना." मामा मला म्हणाला, "त्याला सांग, पाटा घासलेला दिसला की त्या घरात जेवावं. नवा कोरा पाटा बघून जो जेवायला बसतो, तो उपाशी उठतो."

मग त्यानं त्याचा तो सवाल पहिल्यांदा विचारला. एक लाल कानांचा साहेब एका गाण्यात नाचता नाचता मधेच थांबून खुर्चीत बसला होता. गाणं संपल्यावर मामा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "काय दिसलं?" मी हिंदीत सांगितलं, ड्रायव्हरनं पुढे इंग्रजीत. साहेब बोलायला लागला तो थांबेचना. त्याला त्याच्या गावचा लांब सरळ रस्ता दिसला होता, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, भाऊ गाडी चालवतोय, काचा खाली, आणि भाऊ या गाण्याबरोबर चुकीचे शब्द गातोय. मामानं मान डोलावली. ती रेकॉर्ड काखेत घेतली. आमच्याकडे त्या गाण्याचं नाव कायमचं पडलं, 'सायबाचा रस्ता'.

हीच मामाची रीत. मी आणि भिकू बोईसरची खोली सोडून गावी परतलो होतो. संध्याकाळी बोंबील वाळवायच्या बांबूंखाली तो मशीन मांडायचा. गावात ओरड नको म्हणून भोंग्याचं तोंड पाण्याकडे. गाणं फुकट कुणी ऐकायचं नाही. संपलं की पिन उचलून तो एकेकाकडे बघायचा, "काय दिसलं?" कुणी "छान" म्हटलं की खलास. "छान हे काय दिसणं हाय? उठ, घरी जा, छान झोप." पण ज्याला खरंच काही दिसलं त्याचं नाव गाण्याला लागायचं, आणि गाणं त्याचं व्हायचं. ते परत लावायचं तर मामा आधी त्याला विचारायचा.

अशी आमची गाणी जमली. एकात ढोल असा धावायचा की मासळी विकणारी काशीमावशी म्हणाली, "मी दिसले. डोक्यावर पाटी, मानेवरनं पाणी गळतंय, आन पालघरची यष्टी सुटलीय." त्याचं नाव 'काशीची यष्टी'. आम्ही कुणी म्हटलं, "मावशे, यष्टी लावू का?" की ती पदर खोचून म्हणायची, "लाव, पण या बारीला मला गाठू दे." एक गाणं जमिनीतून आल्यासारखं घुमत घुमत वर चढायचं. ते 'भिकूची क्रेन'. भिकू त्या गाण्याला हात वर करून असा उभा राहायचा, जसं काय कारखान्याचं सगळं लोखंड त्यानंच एकट्यानं चढवलं.

आणि एक माझं. त्याला सुरुवातीला वाद्यं नाहीतच. एकदम एक माणूस नरडं फाडून ओरडतो, लांबच्या लांब, आणि तो ओरडत असतानाच तारांची वाद्यं त्याच्या अंगावर कोसळतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मामा म्हणाला, "बोल."

मी बोललो. माझा बाप तांडेल, होडीचा मुख्य. दिवसाला चार शब्द बोलला तर फार. पण मी लहान असताना एकदा जाळ्यात घोळ माशांचा अख्खा थवा आला. जाळं वर येईना, सगळे लोंबकळले, आणि चांदीसारखं काहीतरी पाण्याखाली लखलखलं. तेव्हा माझ्या बापानं आभाळाकडे तोंड करून जी बोंब ठोकली, तशी मी परत कधी ऐकली नाही. ती या गाण्यात होती. रंगानं गोरा कुणी असेल तो, पण बोंब माझ्या बापाची.

गाण्याचं नाव पडलं 'बापाची बोंब'. मामा म्हणाला, "दिसलं तुला, पण बोंब तुझी नाय. गाणं तांडेलाचं." बाप घरी हे ऐकून म्हणाला, "येडे हायत सगळे." पण संध्याकाळी बांबूंच्या मागे उभा राहून ऐकून गेला. मी बघितलं.

माझं लग्न तेव्हा ठरलेलं होतं, खाडीपलीकडच्या मुरबे गावात. मी मनाशी पक्कं केलं होतं, वरात होडीतून जाणार, आणि होडी मुरब्याच्या किनाऱ्याला लागताना हेच गाणं वाजणार. दुसरं नाही.

एका संध्याकाळी वारा मुरब्याकडे वाहत होता. मामानं बोंब लावली. परत लावली. तिसऱ्यांदा लावणार, तोच पाण्यावर वल्ह्यांचा आवाज आला. मुरब्याच्या दोन होड्या, जीव खाऊन वल्हवलेल्या. पहिल्या होडीतून जो उडी मारून उतरला, त्याच्या उजव्या हाताला भाताची शितं वाळलेली होती. ताटावरून उठून आला होता. तो माझा होणारा सासरा.

"कोण बुडतंय?" त्यानं विचारलं. धाप लागली होती.

"कोण नाय," मामा म्हणाला. "गाणं हाय. बस, ऐक."

सासऱ्यानं भोंग्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. त्याचे गडी ओले, दमलेले, शिव्या द्यायला लागले. आणि मामानं, काय सांगावं त्या माणसाला, सवयीनं विचारलं, "ऐकलंस ना? काय दिसलं?"

"मला काय दिसलं ते सांगू?" सासरा म्हणाला. "माझा धाकटा भाऊस दिसला. अशीच बोंब आली होती खाडीतनं. आमाला वाटलं पोरं मस्ती करतायत. उशीर झाला."

मामाचा हात मशीनवरून खाली आला.

"आज मजेला बोंब मारशील," सासरा म्हणाला, "उद्या कोण खरंच मारंल तर आमी म्हणू, सातपाटीचा भोंगा हाय, जेवा गुमान. ही बोंब माझ्या मांडवात ऐकू आली तर वरातीची होडी आल्या पावली परत. पोरगी देणार नाय."

मामानं रेकॉर्डवर हात ठेवला. "नाय वाजवणार. शब्द."

मी तिथेच उभा होतो. मी म्हटलं, लग्न माझं, गाणं माझ्या बापाचं, आणि शब्द देणारा हा कोण? पुढचे सगळे दिवस मी मामाच्या मागे लागलो. "मामा, किनाऱ्याला लागताना एकदाच." नाही. "अर्धी बोंब." नाही. "सासऱ्याला मी बघून घेतो." मामा म्हणाला, "तू बायको बघ. शब्द मी बघतो." मी म्हटलं, मग मी घोड्यावर बसल्यासारखा तोंड बंद करून होडीत बसणार, आणि तुझ्या काशीच्या यष्टीवर कोण नाचतं ते बघतो. तो म्हणाला, "काशी नाचंल."

आणि गंमत अशी, की तो होडीत चढला. आयुष्यात पहिल्यांदा. मशीन हिंदकळू नये म्हणून मांडीवर घेतली, भोंगा डोलकाठीला बांधला, बॅटरी फळीवर. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण अंगठा ताटावर. होडी डावीकडे कलली की हा उजवीकडे कलायचा, आणि मांडीवरची मशीन जागची हलायची नाही. 'काशीची यष्टी' वाजली, 'भिकूची क्रेन' वाजली. होडी बायकापोरांनी खचाखच भरलेली, सगळ्यांच्या अंगावर दागिने, डोक्यात फुलं. नाचायला जागा नाही, म्हणून सगळे बसल्या जागी खांदे उडवत होते. मी नाचणार नव्हतो. पण क्रेन लागली आणि माझे पाय माझं ऐकेनात.

सुकाणूवर भिकू होता. त्याची क्रेन वाजत होती, म्हणून त्याचा एक हात वर होता आणि नजर मुरब्याच्या मांडवावर. भरतीच्या पाण्यात जाळं बांधायचा एक जुना खांब बुडालेला होता. होडी त्यावर चढली. फळी मोडल्याचा आवाज गाण्यातूनही ऐकू आला.

पाणी आत आलं ते झऱ्यासारखं. आम्ही पागोट्यानं, पातेल्यानं, हातानं उपसायला लागलो. ओहोटी नुकतीच लागली होती, पाणी आम्हाला बाहेर दर्याकडे खेचत होतं. आम्ही पोहलो असतो. पण मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या बायका, जड लुगडी, म्हातारी माणसं? आम्ही ओरडलो. मुरब्याच्या किनाऱ्यावर आमच्याच स्वागताचा बाजा वाजत होता, ढोल, सनई, सगळं. तिथून बायका आमच्याकडे बघून हात हलवत होत्या. त्यांना वाटलं, आम्ही नाचतोय.

भिकू किंचाळला, "मामा, बोंब लाव."

मामाच्या काखेत ती रेकॉर्ड होती. बरोबर आणली होती त्यानं. ती घरी एकटी ठेवायची नाही असं त्याचं काहीतरी होतं. पण तो तसाच बसला. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. "शब्द दिलाय," तो म्हणाला. "वाजवली तर सोयरीक मोडली. आन वाजवून बी ते येणार नायत. म्हणतील, चालूच हाय यांचं."

मी म्हटलं, "मामा, मोडू दे."

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या बापाकडे बघत होता. गाणं बापाचं होतं ना. बाप तोपर्यंत एक शब्द न बोलता पातेल्यानं पाणी उपसत होता. त्यानं पातेलं खाली ठेवलं.

"लाव," बाप म्हणाला. "माझी बोंब हाय. मी मारतोय."

मामानं रेकॉर्ड लावली. भोंगा मुरब्याकडे फिरवला. ती बोंब सुटली. त्यानं गाणं पुढे जाऊच दिलं नाही. ज्या माणसानं आयुष्यात कधी गाणं मधे तोडलं नव्हतं, त्यानं वाद्यं कोसळायच्या आत पिन उचलली आणि परत सुरुवातीला टेकवली. परत बोंब. परत पिन. परत बोंब. अंगठा थरथरत होता, म्हणून आवाज कधी बाईसारखा चिरकायचा, कधी रेड्यासारखा घुमायचा. बुडणाऱ्या माणसाचा आवाज असाच असतो.

किनाऱ्यावर काय झालं ते मला नंतर बायकोनं सांगितलं. ती हळदीच्या अंगानं मांडवात बसली होती. भोंगा ऐकून लोक भडकले. कुणी म्हणालं, बघा, शब्द पाळला नाय. कुणी म्हणालं, परत पाठवा होडी. तिच्या बापानं हात वर करून बाजा बंद केला. कान देऊन ऐकलं. आणि म्हणाला, "त्या माणसानं शब्द दिलाय. तो मजेला वाजवणार नाय. वाजवतोय म्हंजे बुडतायत. होड्या काढा."

मांडवातले सगळे पुरुष नव्या कपड्यांसकट पाण्यात आले. जेवणाच्या पंक्ती तशाच राहिल्या. आमच्यातलं एकही माणूस गेलं नाही, एक पोरगं गेलं नाही. सगळ्यात शेवटी मामाला उचलला, कारण तो मशीन सोडत नव्हता. सासऱ्यानं त्याला काखेत धरून दुसऱ्या होडीत ओढला, तेव्हा तो सासऱ्याच्या अंगावरच ओकला. सासरा म्हणाला, "असू दे, असू दे."

माझं लग्न ओल्या कपड्यांत लागलं. अंतरपाटाच्या अलीकडे माझ्या नाकातून खाडीचं पाणी गळत होतं आणि पलीकडे ती हसू दाबत होती. ते मला खालून तिच्या पायांवरून कळलं, बोटं आखडली होती.

जेवणं झाल्यावर सासऱ्यानं दोन्ही गावच्या लोकांसमोर मामाला सांगितलं, "हे गाणं आता दोन्ही किनाऱ्यांचं. कोणाची होडी अडचणीत दिसली तरच वाजवायचं. वाजलं की आमी येणार, आमच्याकडनं बोलावणं आलं की तुमी यायचं. मजेला कधीच नाय." मामानं बापाकडे बघितलं. बापानं मान हलवली. झालं.

मला कुणी विचारलंच नाही. माझ्या जिवाभावाचं गाणं, आणि ते माझ्याच लग्नात माझ्या हातून गेलं. मी मामाशी भांडलो. घर बंद करून, दारं लावून, भोंग्याशिवाय, कान मशीनला लावून ऐकू म्हटलं. "त्यात कुणाचं काय जातं?" तो म्हणाला, "तुझं एकट्याचं झालं तर मग ते दोन गावांचं कसं राहील?" मी त्याच्याशी बोलणं टाकलं. रोज संध्याकाळी मात्र जाऊन बसायचो. 'सायबाचा रस्ता' ऐकायचो, यष्टी ऐकायचो. माझी रेकॉर्ड भिंतीवर तेलकट कापडात टांगलेली असायची. मी तिच्याकडे बघायचो, मामा माझ्याकडे बघायचा.

पुढच्या थंडीत एका सकाळी धुकं असं पडलं की स्वतःचा हात दिसेना. मी घरी न्याहारीला बसलो होतो. आधी मामाचा खोकला घुमला, मोठा, घाईचा. आणि मग ती बोंब.

अख्खं गाव उठलं. धुक्यात कोण कोण ते दिसत नव्हतं, नुसते पाय ऐकू येत होते, वाळूवर, चिखलात. खाडीच्या तोंडाशी मुरब्याची होडी उलटली होती; त्यातलाच एक गडी पोहत येऊन मामाच्या दारात पडला होता. मी धावत होतो आणि मामा परत परत पिन टेकवत होता. त्या धावण्यात, माणसं पाण्यात आहेत हे माहीत असताना, मला एकदम कळलं की माझे पाय चालीवर पडतायत. तोडलेल्या बोंबेपुढचं गाणं, जे मामा वाजवत नव्हता, ते माझ्या तोंडातून बाहेर पडत होतं, ज्या शब्दांचा अर्थ मला आजही माहीत नाही त्या शब्दांत. मोठ्यानं. इतका आनंद मला कशाचा झाला होता ते मला सांगता येणार नाही.

पाण्याशी पोहोचलो तेव्हा भिकूनं मला दंडाला धरलं. "गातोस काय रे?"

"तू बी गातोयस," मी म्हटलं.

आम्ही होडी ढकलली.